थीम आराखड्यात असते की भिंतीवर? डिस्ने व्हेकेशन क्लबच्या वास्तूंविषयी

ओसरी (विचारणा)

नमस्कार मंडळी.

मी न्यू जर्सीत राहतो. बांधकामाशी माझा व्यावसायिक संबंध नाही, तेव्हा प्रश्न एका हौशी माणसाचा आहे असे समजून उत्तरे द्यावीत. आमच्याकडे डिस्ने व्हेकेशन क्लबचे पॉइंट आहेत. हा डिस्नेचा टाइमशेअर, म्हणजे रिसॉर्टमधल्या घरात दरवर्षी काही दिवस राहण्याचा हक्क ठरावीक वर्षांसाठी विकत घेण्याचा व्यवहार, आणि तो हक्क पॉइंटांत मोजला जातो. भारतातून आईवडील किंवा सासूसासरे आले की फ्लोरिडाची एक फेरी ठरलेली असते, आणि त्या निमित्ताने या क्लबच्या निरनिराळ्या काळांतील इमारती मी बारकाईने पाहत आलो आहे. १९९१ मध्ये उघडलेले ओल्ड की वेस्ट, १९९६ चे बोर्डवॉक, २०१९ चे रिव्हिएरा आणि डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेला पॉलिनेशियन या रिसॉर्टचा आयलंड टॉवर या इमारती एकाच संस्थेच्या आहेत, एकाच प्रकारच्या करारावर विकल्या जातात, आणि प्रत्येकीला एक ‘थीम’ आहे. तरीही त्या एकाच तऱ्हेने विचार करून बांधल्या असतील असे पाहणाऱ्याला वाटत नाही.

जुन्या इमारतींपैकी बहुतेकींबाबत असे म्हणता येते की आतले सगळे सामान उद्या बदलले तरी इमारत स्वतःचे नाव सांगत राहील. नव्या इमारतींतल्या खोल्या अधिक सोयीच्या आहेत, न्हाणीघरे उत्तम आहेत, दिव्यांची योजना विचारपूर्वक केलेली आहे. परंतु भिंतीवरची चित्रे आणि गालिच्यावरची नक्षी वगळली तर बऱ्याच खोल्या जगातल्या कुठल्याही मोठ्या शहरातल्या चांगल्या हॉटेलात शोभून दिसतील. हा माझ्या आवडीनिवडीचा भाग आहे, की यामागे वास्तुरचनेची काही कारणे आहेत? थीम असलेल्या इमारतीचा दर्जा ठरवण्यासाठी जाणकार काय पाहतात? आणखी एक शंका अशी की हॉटेल आवडले नाही तर पुढच्या वेळी दुसरे निवडता येते, पण या इमारतींचे करार २०४२ पासून २०७० पर्यंत चालणारे आहेत, म्हणजे शैलीसुद्धा तितकी वर्षे टिकायला हवी. टाइमशेअरच्या व्यवहाराचा परिणाम इमारतीच्या रूपावर होतो का?

---

त्रिकोणी गुण्या

प्रश्न हौशी माणसाचा असला तरी नेमका आहे. मी पुण्यात वास्तुरचनेचा व्यवसाय करतो आणि या इमारतींपैकी काही मी मुद्दाम जाऊन पाहिलेल्या आहेत.

प्रथम थोडा इतिहास सांगतो, कारण जुन्या-नव्यातला फरक तिथून सुरू होतो. १९८४ मध्ये मायकेल आयझनर डिस्नेचे प्रमुख झाले आणि त्यांनी हॉटेलांसाठी नावाजलेल्या वास्तुरचनाकारांना बोलावण्याचे धोरण धरले. मायकेल ग्रेव्हज यांनी स्वान आणि डॉल्फिन ही हॉटेले केली, रॉबर्ट स्टर्न यांनी यॉट क्लब, बीच क्लब आणि पुढे बोर्डवॉक केले, तर डेन्व्हरच्या पीटर डॉमिनिक यांनी वाइल्डरनेस लॉज आणि अ‍ॅनिमल किंगडम लॉज केले. स्टर्न तर १९९२ ते २००३ या काळात डिस्नेच्या संचालक मंडळावरच होते. अर्थात बोर्डवॉकचा अपवाद सोडला तर यांपैकी बरीचशी कामे मुळात हॉटेले होती आणि टाइमशेअरची घरे तिथे नंतर आली. उत्तम इमारत आधी तयार होती आणि क्लबने तिचा लाभ घेतला, हा क्रम आपल्या तुलनेत लक्षात ठेवायला हवा.

दर्जा कसा ओळखावा, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की थीम इमारतीच्या आराखड्यात आणि छेदात आहे की नाही, हे पाहावे. छेद म्हणजे इमारत उभी कापली तर आतल्या उंच-सखल जागा जशा दिसतील ते चित्र. १९९४ मध्ये उघडलेल्या वाइल्डरनेस लॉजचे उदाहरण घेऊ. तेथे पाइन वृक्षांमधून वळणावळणाचा रस्ता येतो, प्रवेशद्वाराशी छप्पर खाली उतरलेले असते, आणि त्या ठेंगण्या दारातून आत पाऊल टाकताच अनेक मजले उंच असे दालन डोक्यावर उघडते. खांब म्हणजे खऱ्या ओंडक्यांचे जुडगे आहेत. शेकोटीचा धुराडा ८२ फूट उंच असून त्याच्या दगडी थरांत ग्रँड कॅन्यनच्या भूस्तरांचा क्रम दाखवला आहे. दालनातच एक झरा उगम पावतो, तो पुलाखालून वाहत बाहेर पडतो, धबधबा होतो आणि शेवटी पोहण्याच्या तलावापाशी पोहोचतो. त्याही पुढे सरोवराच्या काठी ठरावीक वेळाने उसळणारा कृत्रिम गीझर, म्हणजे उसळत्या उष्ण झऱ्याची नक्कल, आहे. यातली गोष्ट सांगायला फलक लागत नाही. माणूस पाण्यामागे चालत गेला तरी त्याला पूर्ण वास्तू कळते.

हे सारे शून्यातून आलेले नाही. रॉबर्ट रीमर यांनी १९०३-०४ मध्ये यलोस्टोन या राष्ट्रीय उद्यानात बांधलेले ओल्ड फेथफुल इन हे हॉटेल हा त्याचा मुख्य आधार. डॉमिनिक यांनी रीमरच्या खिडक्यांची नक्कल करण्याऐवजी त्याची मूळ कल्पना उचलली, ती अशी की बाहेरचे अरण्य आत घ्यायचे आणि सभोवतालच्या मजल्यांवरच्या सज्जांतून ते पाहायचे.

अ‍ॅनिमल किंगडम लॉज (२००१) मध्ये तर आराखडा हीच थीम आहे. आफ्रिकेतील गुरांच्या गोलाकार वाड्यांवरून, ज्यांना तिकडे क्राल म्हणतात, इमारतीला घोड्याच्या नालासारखा बाक दिलेला आहे आणि त्या बाकाच्या कवेत गवताळ कुरण व त्यावर चरणारे जिराफ, झेब्रे आहेत. इमारत सरळ रेषेत असती तर थोड्याच खोल्यांना ते दृश्य मिळाले असते. मुखवटे, ढाली आणि गवती छप्पर ही त्यानंतरची गोष्ट आहे. २००७ पासून तेथील वरचे मजले क्लबच्या घरांत रूपांतरित झाले, आतले सामान पार बदलले, पण बाक तसाच राहिला.

---

नवी पेठ

मला या चर्चेचे नवल वाटते. फ्लोरिडाच्या दलदलीत, जिथे वर्षातले बहुतेक महिने घाम पुसावा लागतो, तिथे रॉकी पर्वतातली लाकडी लॉज आणि ८२ फुटी शेकोटी बांधायची आणि वर वातानुकूलन चालवायचे, हा उत्तम वास्तुकलेचा नमुना कसा काय? ही नाटकाच्या पडद्याची कला आहे. पडदा सुबक रंगवलेला आहे एवढेच फार तर म्हणता येईल.

---

त्रिकोणी गुण्या

हवामानाचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे आणि तो या शैलीचा खरा दुबळेपणा आहे. पण ‘खरे आणि खोटे’ या आक्षेपाबद्दल एक भर घालतो. ज्या ओल्ड फेथफुल इनला आपण अस्सल मानतो, ते नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेच्या पैशावर, रेल्वेने येणाऱ्या पर्यटकांसाठी बांधले गेले होते. ओबडधोबड ओंडके, वाकड्या फांद्यांचे कठडे असा अरण्यातला थाट बाहेरून, आणि आत पहिल्यापासून विजेचे दिवे व वाफेवरची उष्णता! पूर्वेकडच्या शहरी प्रवाशाला रानात आल्याचा अनुभव देण्यासाठी योजलेली ती थीमच होती. नव्वद वर्षांनी तिची दुसरी आवृत्ती फ्लोरिडात निघाली. त्यामुळे मी अस्सलपणा हा निकष बाजूला ठेवतो आणि विचारतो की जागेचा अनुभव घडवण्यात रचनाकाराने किती कष्ट घेतले.

रॉबर्ट व्हेंच्युरी आणि डेनिस स्कॉट ब्राउन या वास्तुरचनाकारांनी लास व्हेगासचा अभ्यास करून एक भेद मांडला होता. काही इमारती आपल्या आकारानेच बोलतात, तर काही म्हणजे साधी शेड, जिच्यावर अर्थ सांगणारी सजावट लावलेली असते. त्या दोघांनी सजवलेल्या शेडची बाजू घेतली होती, आणि रस्त्यावरच्या दुकानाच्या बाबतीत मीही ती घेईन. मात्र पन्नास वर्षांचा करार असलेल्या रिसॉर्टमध्ये सजावट दर काही वर्षांनी उतरवली जाते, आणि मग केवळ शेड उरते.

---

दर्यावर्दी

मी टँपाजवळ राहते आणि खऱ्या की वेस्ट बेटावर बऱ्याच वेळा जाणे होते, म्हणून ओल्ड की वेस्टविषयी लिहिते. नवी पेठ यांच्या हवामानाच्या आक्षेपाला उत्तर देणारी इमारत या क्लबची पहिलीच इमारत आहे, याकडे कुणाचे लक्ष जात नाही.

की वेस्टमधली जुनी लाकडी घरे बहामा बेटांवरून आलेल्या लोकांच्या आणि जहाजबांधणीतल्या सुतारांच्या हाताची आहेत. ती जमिनीपासून खांबांवर उचललेली असतात, त्यामुळे खालून वारा खेळतो आणि ओल वर चढत नाही. खिडक्यांना झडपांची दारे असतात. पुढे खोल ओसरी असते. १८८६ च्या मोठ्या आगीनंतर तिथे लाकडी चिपांऐवजी पत्र्याची छपरे रूढ झाली, आणि त्या छपरांवरचे पावसाचे पाणी टाक्यांत साठवले जाई, कारण बेटावर गोड्या पाण्याची वानवा होती. काही घरांमध्ये छपराची वळचण वरच्या मजल्याच्या खिडक्यांवर भुवईसारखी खाली ओढलेली असते, जेणेकरून ऊन आत येऊ नये. कोकणातल्या माणसाला हे सगळे समजावून सांगावे लागत नाही.

ओल्ड की वेस्ट रिसॉर्टने यातले काय घेतले आणि काय सोडले, हे पाहण्यासारखे आहे. पत्र्याची छपरे, फिकट रंग, ओसऱ्यांच्या कठड्यांवरची लाकडी नक्षी, दोन-तीन मजल्यांची उंची आणि गोल्फच्या मैदानाभोवती व कालव्याच्या काठी विखुरलेल्या इमारती हे घेतले. खांबांवर उचललेले जोते सोडले, पाण्याच्या टाक्या सोडल्या, आणि वातानुकूलन असल्यामुळे झडपा शोभेपुरत्या उरल्या. तरीही ओसरी मात्र खरी आहे. ती एवढी खोल आहे की चार माणसे टेबल टाकून बसू शकतात, पाऊस तिरका आला तरी भिजत नाहीत, आणि समोर इमारतीची भिंत नसून पाणी किंवा हिरवळ असते. या क्लबच्या सर्व रिसॉर्टांत येथील घरे आकाराने सर्वांत मोठी आहेत ती उगाच नव्हे. त्या वेळी लोकांना टाइमशेअर या प्रकाराविषयी संशय होता आणि हे घर आहे, हॉटेल नव्हे, हे पटवून द्यायचे होते. शैलीही त्याच हेतूने निवडली गेली असावी असे मला वाटते, कारण की वेस्टची मूळ वास्तू राजवाड्याची किंवा हॉटेलाची नसून राहत्या घराची आहे.

बोर्डवॉकची गोष्ट याच्या उलट आहे. ती गर्दीची वास्तू आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर, अटलांटिक सिटीसारख्या गावांत, समुद्रालगत लाकडी फळ्यांचे फिरायचे रस्ते असत, त्यांच्या काठाने हॉटेले, नाचघरे, खाऊची दुकाने असत. स्टर्न यांनी एका प्रचंड इमारतीचा दर्शनी भाग तोडून तोडून अनेक इमारतींचा केला आहे. प्रत्येकीचा रंग, छप्पर, खिडक्यांची लय वेगळी, जणू निरनिराळ्या मालकांनी निरनिराळ्या दशकांत बांधल्या आहेत. शिवाय जमिनीच्या चढाचा उपयोग केला आहे. गाडीने येणारा माणूस वरच्या पातळीवर आत शिरतो, दालनातून त्याला हिरवळ आणि तळे खाली दिसते, आणि मग जिना उतरून तो फळ्यांच्या रस्त्यावर येतो. मात्र हेही सांगायला हवे की तळ्याकडची बाजू जितकी मन लावून केली आहे तितकी मागची केलेली नाही. मागे पसरलेल्या लांब पंखांत शिरले की एकसारख्या दारांची रांग लागते आणि अटलांटिक सिटी विसरायला होते.

---

जमाखर्च

टाइमशेअरच्या व्यवहाराचा इमारतीच्या रूपावर परिणाम होतो का, हा ओसरी यांचा शेवटचा प्रश्न अजून कुणी हाती घेतलेला नाही. मी स्थावर मालमत्तेच्या हिशेबाचे काम करतो आणि माझ्या मते तिथेच बरेचसे उत्तर आहे.

टाइमशेअरमध्ये विकले जाते ते एकक हॉटेलच्या खोलीपेक्षा मोठे आणि गुंतागुंतीचे असते. दोन शयनगृहांचे घर म्हणजे पुष्कळदा एक शयनगृहाचे घर अधिक एक स्टुडिओ, आणि दोहोंमध्ये कुलूप लावता येणारे दार. मागणीनुसार ते एकत्र किंवा वेगळे दिले जाते. प्रत्येक जोडीला स्वयंपाकघर, कपडे धुण्याचे यंत्र, दोन प्रवेशद्वारे आणि पाण्याच्या नळांचे उभे मार्ग लागतात. असा साचा एकदा बसला की तो मजल्यामागून मजला, मधल्या कॉरिडॉरच्या दोन्ही बाजूंना, जसाच्या तसा रचणे स्वस्त पडते. त्याला बाक देणे, तोडणे, एक मजला मागे सरकवणे या प्रत्येक गोष्टीने साचा बिघडतो. जुन्या हॉटेलांतल्या भव्य दालनाचे क्षेत्रफळ पॉइंटांच्या रूपात विकता येत नाही. हॉटेलला रोज नवा पाहुणा भुरळ घालून आणावा लागतो, म्हणून दालन ही त्याची जाहिरात असते. टाइमशेअरचा ग्राहक एकदा सही केली की पन्नास वर्षे येणारच आहे. रिव्हिएरामध्ये प्रवेशाचे दालन लहान आहे आणि छतावरच्या उपाहारगृहाचा थाट मोठा आहे, याचा अर्थ मी असाच लावतो की पैसा जिथून परत येतो तिथे तो घातला गेला.

दुसरी बाब देखभालीची. सभासद दरवर्षी जे शुल्क भरतात त्यात रोजच्या खर्चाबरोबर राखीव निधीचा हिस्सा असतो आणि छप्पर, रंगकाम, सामान बदलणे हे त्यातून होते. जाळीदार लाकडी नक्षी असलेला कठडा फ्लोरिडाच्या दमट हवेत वारंवार रंगवावा लागतो. त्याचा खर्च बांधणाऱ्याच्या नव्हे तर सभासदांच्या खिशातून जातो, पण शुल्क फार वाढले तर विक्री मंदावते, म्हणून बांधणाराही सपाट, पुसता येणारे पृष्ठभाग निवडू लागतो. खोल्यांचे नूतनीकरण होते तेव्हा सर्व रिसॉर्टांसाठी सारख्या मापांचे पलंग, भिंतीतून खाली ओढायचे पलंग, सारखे फरशीचे तक्ते घेणे सोयीचे असते. ओसरी यांना जे एकसारखेपण जाणवते त्याचा बराच भाग या खरेदीतून आलेला आहे.

तरीसुद्धा नव्याला सरसकट नावे ठेवू नयेत. २००९ चा बे लेक टॉवर पाहा. शेजारच्या कंटेम्पररी हॉटेलची इमारत १९७१ ची, इंग्रजी ‘ए’ अक्षराच्या आकाराची, पोटातून मोनोरेल जाणारी. तिच्या खोल्या यू. एस. स्टीलने वेगळ्या तयार केल्या आणि कपाटात खण सरकवावेत तशा पोलादी सांगाड्यात बसवल्या. अशा इमारतीशेजारी तिची छोटी प्रतिकृती बांधण्याचा मोह कुणालाही झाला असता. त्याऐवजी एक साधा, बाकदार टॉवर बांधला, पुलाने जुन्या इमारतीला जोडला, आणि जुनीच्या धारदार आकाराला शांत सोबत दिली. तिथे थीम म्हणून वेगळे काही लावावे लागले नाही.

---

मांडवी

मी पणजीची. आमच्याकडे गोव्यात टाइमशेअरचे पीक आलेले असल्यामुळे या विषयात चार शब्द लिहिण्याचा अधिकार आहे असे समजते.

गोव्यातल्या जुन्या घरांचा बाल्कांव, म्हणजे दाराबाहेरची पायऱ्यांवरची बैठक, जिथे समोरासमोर दोन दगडी बाके असतात, तो रस्त्याकडे तोंड करून असतो. संध्याकाळी तिथे बसून जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलायचे असते. किनाऱ्यावरच्या रिसॉर्टांमध्ये पिवळा गिलावा, पांढऱ्या पट्ट्या, मंगलोरी कौले आणि एक बाल्कांव एवढे जमवले की झाले गोव्याचे घर, अशी समजूत आहे. पण तो बाल्कांव गाड्या उभ्या करायच्या जागेकडे किंवा जनरेटरच्या खोलीकडे पाहत असतो, आणि तिथे कुणी बसत नाही. त्रिकोणी गुण्या म्हणतात तो आराखड्याचा मुद्दा हाच असावा. आकार उचलला आणि संबंध सोडला.

याच्या उलट उदाहरण म्हणून दोनापावलाजवळच्या सिदाद द गोवा या हॉटेलचे नाव घेते. ते टाइमशेअर नाही, पण थीम कशी हाताळावी याचा आमच्या भूमीतला तो उत्तम धडा आहे. चार्ल्स कोरिया यांनी ते १९८० च्या सुमारास रचले. त्यांनी इमारत डोंगरउतारावरून समुद्रापर्यंत एखाद्या लहान नगरासारखी, चौक आणि गल्ल्या काढून पसरवली, आणि भिंतींवर खोट्या खिडक्या, खोटी दारे, कमानी व माणसे रंगवली. खरी कमान कुठे संपते आणि रंगवलेली कुठे सुरू होते हे क्षणभर कळत नाही, आणि मग पाहणारा हसतो. सजावट ही सजावटच आहे हे तिथे लपवलेले नाही. नवी पेठ यांनी ज्याला नाटकाचा पडदा म्हटले, तो पडदा कोरियांनी उघडपणे टांगला, पण रंगमंच आधी पक्का बांधला.

डिस्नेच्या बाजूने माझे मत औलानीला. २०११ मध्ये हवाईच्या ओआहू बेटावर को ओलिना येथे ते उघडले. रचनेची मांडणी डिस्नेचे रचनाकार जो रोडी यांच्या देखरेखीखाली झाली. दोन उंच पंख डोंगरांच्या कड्यांसारखे दोन बाजूंना, मधली बाग म्हणजे दरी, दरीत लाव्हाच्या दगडांचा पहाड, आणि पाणी त्यावरून समुद्राच्या दिशेने जाते. डोंगरापासून समुद्रापर्यंतचा जमिनीचा पट्टा एकच मानण्याची हवाईच्या लोकांची जी जुनी पद्धत होती तिला ही मांडणी धरून आहे. प्रवेशाचे दालन बंदिस्त नसून वाऱ्याला मोकळे आहे, आणि भिंतींवरची चित्रे, कोरीवकाम स्थानिक कलाकारांकडून करवून घेतले आहे. एवढे असूनही ते उंच, दाट वस्तीचे बांधकाम आहेच, आणि ज्यांची भूमी त्यांना तिथे राहणे परवडावे असे त्याचे दर नाहीत. हा आक्षेप रचनाकाराने कितीही चांगले काम केले तरी सुटत नाही.

---

नवी पेठ

मांडवी यांचा शेवटचा आक्षेप मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. सिदाद द गोवाचे उदाहरण मात्र पटले. कोरिया थट्टा करत होते, आणि थट्टा करणाऱ्याला स्वतःला माहीत असते की तो काय करतो आहे. मला खुपतो तो गंभीर चेहऱ्याने केलेला खोटेपणा.

---

ओसरी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. जमाखर्च यांच्या उत्तराने बऱ्याच गाठी सुटल्या.

आता एक पुढचा प्रश्न. पॉलिनेशियनचे मूळ रूप १९७१ चे, दोन-तीन मजल्यांची लांबट घरे झाडीत लपलेली, आणि त्यांच्या शेजारी आता आयलंड टॉवर. मला तो प्रमाणात बसत नाही असे वाटते, पण रोषणाई आणि खोल्या पाहून घरच्या मंडळींना तो आवडला. बे लेक टॉवर चालतो तर हा का चालू नये, याचे उत्तर मला देता आले नाही. शिवाय पुढच्या हिवाळ्यात सासूसासरे येणार आहेत, दोघांचेही गुडघे दुखतात. आराखड्यात थीम असलेली इमारत निवडायची तर त्यांच्यासाठी कोणती योग्य ठरेल?

---

त्रिकोणी गुण्या

आयलंड टॉवरविषयी माझे मत छायाचित्रे आणि नकाशे पाहून बनलेले आहे, तेवढ्याच वजनाने घ्यावे. कंटेम्पररी हॉटेल मुळातच एक प्रचंड, एकसंध आकृती होती, त्यामुळे शेजारी दुसरी मोठी आकृती आली तरी ती दबली नाही. पॉलिनेशियनची गोष्ट वेगळी. तिथे इमारतींपेक्षा झाडे उंच असणे हाच रचनेचा आधार होता. छपरांचे उतार, माडांचे शेंडे आणि मधूनमधून दिसणारे पाणी यांतून बेटाचा भास होत असे. झाडांच्या वर डोके काढणारी सपाट छपराची इमारत आली की तो आधार जातो, मग तिच्या कठड्यांवर कितीही पॉलिनेशियन नक्षी असो. २०१५ मध्ये पाण्यावर बांधलेल्या २० बंगल्यांबाबतही असाच वाद झाला होता, कारण त्यांनी किनाऱ्यावरून दिसणारा तळ्याचा मोठा तुकडा अडवला. परंतु ते निदान छपराच्या आकाराने आणि उंचीने मूळ कुटुंबातले आहेत.

गुडघ्यांच्या प्रश्नावर मात्र माझ्या आवडत्या इमारती अडचणीत येतात. थीमसाठी आराखडा पसरवला की अंतरे वाढतात. अ‍ॅनिमल किंगडम लॉजचा बाक मला कितीही आवडत असला तरी तेथील किडानी व्हिलेज या २००९ च्या इमारतीत लिफ्टपासून शेवटच्या खोलीपर्यंतचा कॉरिडॉर फारच लांब आहे, आणि बोर्डवॉकच्या पंखांचीही तीच तऱ्हा. या बाबतीत ज्या टॉवरांवर आपण इथे टीका केली, ते वयस्कर माणसांना सोयीचे असतात.

---

दर्यावर्दी

याला जोडून ओल्ड की वेस्टबद्दल सावध करते. तेथील इमारती दोन-तीन मजली असून त्यांतल्या मोजक्याच इमारतींना लिफ्ट आहे. आरक्षण करताना तळमजल्याची किंवा लिफ्ट असलेल्या इमारतीची विनंती नोंदवावी, परंतु ती हमी नसते, हे सासूसासऱ्यांना आधीच सांगून ठेवावे. मुख्य इमारतीपासून दूरची घरे मिळाली तर बसची वाट पाहावी लागते. जवळच्या भागासाठी आरक्षणाची वेगळी वर्गवारी आहे, ती घेता आली तर उत्तम.

वाइल्डरनेस लॉजचा विचारही करावा. कॉपर क्रीकची घरे २०१७ मध्ये त्या हॉटेलच्याच एका भागाचे रूपांतर करून केलेली आहेत, म्हणजे लिफ्टने खाली उतरले की गुण्या यांनी वर्णिलेले दालन समोरच येते, आणि गुडघे दुखत असले तर झऱ्यामागे चालत जाण्याऐवजी शेकोटीजवळच्या खुर्चीत बसूनही त्याचा आवाज ऐकता येतो. बोल्डर रिज ही २००० ची इमारत मात्र वेगळी उभी आहे, तिथून दालनापर्यंत छपराखालून चालत यावे लागते. दोन्हींची नावे आरक्षणाच्या यादीत वेगवेगळी दिसतात, तेव्हा निवडताना लक्ष ठेवावे.